फेअरट्रेडची खूण पाहून चॉकलेट घ्यावे का, आणि घ्यायचे तर कसे

दिवाळीच्या पंधरा-वीस दिवस आधी पुण्यातल्या कचेऱ्यांमध्ये भेटीच्या डब्यांची यादी ठरते आणि गेली काही वर्षे त्या यादीत मिठाईच्या बरोबरीने चॉकलेट असते. गणपतीत चॉकलेटचे मोदक होतात, मुलांच्या वाढदिवसाला शाळेत वाटायला चॉकलेट लागते आणि मधुमेह झालेल्या काकांसाठीही आपण ‘डार्क’ लिहिलेला बार शोधून आणतो. इतक्या प्रमाणात घरात येणाऱ्या वस्तूच्या मुळाशी कोणाचे कष्ट आहेत आणि त्या कष्टांचे मोल त्यांना मिळते का, हा प्रश्न विचारणे आपले काम आहे, असे मला मनापासून वाटते. फेअरट्रेड म्हणजे शेतकऱ्याला किमान भावाची हमी देणारी प्रमाणपत्राची व्यवस्था. चार-पाच वर्षांपूर्वी मी तिची खूण असलेला बार पहिल्यांदा घेतला, तेव्हा तो नेहमीच्या बारच्या तिप्पट किमतीचा होता आणि जास्तीचे पैसे कुठे जातात हे मला सांगता आले नसते. त्यानंतर जे वाचले, जे हिशेब मांडले आणि खरेदीची जी पद्धत ठरवली, ती इथे लिहिते आहे.

माझे मत असे आहे की ही खरेदी अर्थपूर्ण ठरू शकते. मात्र खुणेमागे खरोखर भावाची हमी असली पाहिजे, आपण ती नियमितपणे केली पाहिजे आणि तिच्याकडून जे होणार नाही त्याची अपेक्षा ठेवता कामा नये. मनाच्या समाधानासाठी वर्षातून एकदा घेतलेल्या बारने कोणाच्याही आयुष्यात फारसा फरक पडत नाही.

एफआरपी समजते, तर फेअरट्रेडही समजेल

मराठी वाचकाला ही व्यवस्था समजावून सांगणे सोपे आहे, कारण आपल्याला ऊस माहीत आहे. शिवाजीनगरच्या साखर संकुलासमोर शेतकरी संघटना एफआरपीसाठी बसतात, तेव्हा त्यांची मागणी नेमकी असते: केंद्र सरकारने ठरवलेल्या भावाखाली कारखान्याने ऊस घेऊ नये आणि पैसे चौदा दिवसांत द्यावेत. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला हा भाव क्विंटलमागे ३४० रुपये होता. साखरेचा बाजार कोसळला तरी शेतकऱ्याच्या पायाखाली ही एक फळी असते.

कोकोच्या शेतकऱ्यासाठी फेअरट्रेडची किमान किंमत ही तशीच फळी आहे. ऑक्टोबर २०१९ पासून ती निर्यातीच्या टप्प्यावर टनाला २,४०० डॉलर करण्यात आली आणि तिच्याशिवाय टनामागे २४० डॉलरचा ‘प्रीमियम’ शेतकऱ्यांच्या संस्थेला देण्याचे ठरले. बाजारभाव किमान किमतीच्या वर असेल तर बाजारभाव मिळतो, खाली गेला तर किमान किंमत मिळते. प्रीमियम मात्र दोन्ही वेळा मिळतो आणि त्याचे काय करायचे हे सभासद सभेत मताने ठरवतात. विहीर, शाळेची खोली, रोपे, रस्त्याची दुरुस्ती किंवा थेट रोख वाटप, असे त्याचे उपयोग होतात. २०१६-१७ मध्ये जागतिक बाजारात कोको टनाला सुमारे ३,००० डॉलरवरून २,००० च्या खाली घसरला होता, तेव्हा अशी फळी असणे आणि नसणे यांतला फरक शेतकऱ्याला पुरेपूर कळला असणार.

एफआरपी आणि ही व्यवस्था यांत एक मोठा भेद आहे आणि खरेदीचा सगळा अर्थ त्या भेदात आहे. एफआरपी हा कायदा आहे आणि कारखान्याने घेतलेल्या प्रत्येक टनाला तो लागू होतो. फेअरट्रेडची किमान किंमत मात्र जेवढा माल त्या अटींवर विकला जातो तेवढ्यालाच लागू होते. प्रमाणपत्राचा खर्च केलेल्या, नियम पाळणाऱ्या संस्थेलाही आपला सगळा कोको त्या अटींवर विकता येत नाही, कारण तेवढे गिऱ्हाईक नसते. उरलेला माल साध्या बाजारात साध्या भावाने जातो. म्हणजे या साखळीत अडते ते मागणीपाशी. ‘माझ्या एका खरेदीने काय होणार’ या शंकेला माझ्या दृष्टीने हेच सर्वांत सबळ उत्तर आहे.

दोन रुपये आणि तीस हजार रुपये

आता एका बारचा हिशेब करू. सत्तर टक्के कोको असलेल्या शंभर ग्रॅमच्या बारसाठी टरफल आणि घट धरून साधारण नव्वद ग्रॅम सुक्या बिया लागतात. टनाला २४० डॉलर या दराने नव्वद ग्रॅमचा प्रीमियम दोन सेंटच्या थोडा वर, म्हणजे डॉलर पंच्याऐंशी रुपयांचा धरला तर दोन रुपयांच्या आत येतो. दूध घातलेल्या, तीस टक्के कोकोच्या बारमध्ये तो जेमतेम पाऊण रुपया होतो. त्यामुळे खूण असलेला आयात केलेला बार नेहमीच्या बारपेक्षा दोनशे रुपयांनी महाग असेल, तर ते दोनशे रुपये शेतकऱ्याकडे जात नाहीत. आयात शुल्क, वाहतूक, थंड साठवण, दुकानाचे भाडे आणि उत्पादकाचा नफा यांत ते विरून जातात. हे समजल्यावर मला वाईट वाटले होते, पण हिशेब इथे सोडणे बरोबर होणार नाही.

तोच हिशेब दुसऱ्या टोकाकडून करून पाहा. पश्चिम आफ्रिकेतल्या लहान शेतकऱ्याकडे सहसा दोन ते पाच हेक्टर जमीन असते आणि हेक्टरी चारशे-पाचशे किलो सुका कोको निघतो. तीन हेक्टरवाल्याचा माल दीड टनाच्या आत राहतो. हा सगळा माल फेअरट्रेडच्या अटींवर गेला, तर प्रीमियमपोटी त्याच्या वाट्याची रक्कम ३६० डॉलरच्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे तीस हजार रुपये भरते. ती संस्थेच्या हाती जाते, थेट त्याच्या खिशात नाही, तरी ज्या गावात दवाखाना कोसभर लांब आहे तिथे ती मोठी रक्कम आहे. या एका शेतकऱ्यामागे आपल्यासारख्यांनी घेतलेले साडेसोळा हजार बार असावे लागतात. म्हणून ही कृती एकट्याची फार छोटी आणि अनेकांनी सातत्याने केल्यास चांगली मोठी आहे.

या आकड्यांवरून मी दोन नियम केले. पहिला असा की फार महागडा आयात केलेला बार ‘शेतकऱ्यासाठी’ म्हणून घ्यायचा नाही; तो आवडतो म्हणून घ्यावा. दुसरा असा की खूण असलेल्या चॉकलेटांपैकी ज्यात कोकोचे प्रमाण जास्त आहे ते घ्यावे, कारण प्रीमियम कोकोच्या वजनावर मिळतो, बारच्या किमतीवर नाही.

वेष्टन हातात घेतल्यावर

प्रथम खूण नेमकी कोणती आहे ते पाहावे. काळ्या चौकटीत निळा-हिरवा आकार आणि हात उंचावलेली आकृती ही फेअरट्रेडची नोंदणीकृत खूण आहे. तिचे मूळ १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये मेक्सिकोच्या कॉफीवर लावलेल्या लेबलात आहे. ‘फेअर ट्रेड’ हे दोन सुटे शब्द मात्र कोणीही छापू शकतो आणि त्यांच्यामागे तपासणी असेलच असे नाही. हिरव्या बेडकाची खूण रेनफॉरेस्ट अलायन्सची आहे. तिचा भर जंगल, शेतीची पद्धत आणि कामाच्या स्थितीवर आहे आणि तिच्यात फेअरट्रेडसारखी किमान किंमत नाही. ती निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, कारण १९६० पासून आयव्हरी कोस्टने आपले ऐंशी टक्क्यांहून अधिक जंगल गमावले आहे आणि त्यात कोकोचा वाटा मोठा आहे. पण भाव पडल्यावर शेतकऱ्याला आधार मिळतो का, हा तुमचा प्रश्न असेल, तर दोन्ही खुणा सारख्या मानू नका.

तिसरा प्रकार कंपन्यांच्या स्वतःच्या योजनांचा. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये कॅडबरी डेअरी मिल्कवर २००९ मध्ये फेअरट्रेडची खूण आली आणि २०१६ मध्ये कंपनीने आपल्या ‘कोको लाइफ’ या योजनेकडे वळण्याचे जाहीर केले. किटकॅटने तिथे २०२० मध्ये फेअरट्रेड सोडून रेनफॉरेस्ट अलायन्सचा कोको घेण्याचे ठरवले. कंपनीची स्वतःची योजना गावात चांगले कामही करू शकते, पण तिच्या अटी विकत घेणाराच ठरवतो आणि विकणाऱ्याला सभेत हात वर करून त्या बदलता येत नाहीत. या घडामोडींवरून एवढे नक्की शिकावे की एकदा तपासून ठेवलेला ब्रँड कायम तसाच राहतो असे समजू नये आणि वर्षातून एकदा वेष्टन पुन्हा वाचावे.

फेअरट्रेडच्या खुणेशेजारी छोटा बाण दिसला तर वेष्टनाची मागची बाजू वाचावी, कारण कोको, साखर, चहा यांसारख्या मालाला ‘मास बॅलन्स’ची मुभा आहे. आपल्याकडे डेअरीत दूध घातल्यावर जे होते तसेच हे आहे: गावातल्या संकलन केंद्रावर आपण घातलेले दूध आणि संध्याकाळी पिशवीतून घरी आलेले दूध एकच नसते, पण घातलेल्या आणि उचललेल्या लिटरचा हिशेब जुळतो. कारखान्याने शंभर टन फेअरट्रेड कोको विकत घेतला, तर तेवढ्याच कोकोच्या मालावर त्याला खूण लावता येते, मग प्रत्यक्ष त्या बारमध्ये दुसऱ्या शेतातली बी का असेना. शेतकऱ्याला पैसे मिळतात, त्यामुळे मला ही पद्धत मान्य आहे. पण आपल्या हातातला कोको कुठल्या बागेतला आहे हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातून मिळत नाही.

शेवटी घटकांची यादी पाहावी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिला शब्द साखर असेल तर तुम्ही मुख्यतः साखर विकत घेत आहात. याकडे शेवटी पुन्हा येईन. ‘कंपाउंड’ लिहिलेले असेल तर कोको बटरच्या जागी वनस्पती तेल आहे. पुण्यात घरी चॉकलेट आणि मोदक करून विकणाऱ्या बहुतेक भगिनी रविवार पेठेतून किंवा बेकिंगच्या दुकानातून कंपाउंडचीच लादी आणतात, कारण ती स्वस्त पडते आणि साच्यातून सहज सुटते. त्या लादीत कोको पावडर थोडी असते, त्यामुळे तिच्या बाबतीत कोकोच्या शेतकऱ्याइतकाच पामतेलाचाही प्रश्न विचारावा लागतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी निदान एका प्रकारासाठी खूण असलेली कोको पावडर वापरून पाहावी आणि ग्राहकाला तसे सांगावे.

ही खूण काय करू शकत नाही

आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोन देश मिळून जगातला सुमारे साठ टक्के कोको पिकवतात. २००१ मध्ये अमेरिकेत मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी हार्किन-एंगल करारावर सह्या केल्या आणि २००५ पर्यंत बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार संपवण्याचे मान्य केले. मुदत गेली, पुढची मुदतही गेली. शिकागो विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एनओआरसी या संस्थेच्या ऑक्टोबर २०२० च्या अहवालानुसार या दोन देशांच्या कोको भागांत सुमारे १५ लाख ६० हजार मुले कोकोच्या बालमजुरीत होती आणि त्यांतल्या बहुतेकांची कामे धोकादायक प्रकारची होती: धारदार कोयत्याने फळे फोडणे, जड ओझी वाहणे, फवारणीच्या जवळ वावरणे.

ही मुले बहुतांशी आपल्याच कुटुंबाच्या शेतात राबतात. बाहेरून आणून राबवलेली मुलेही आहेत आणि तो गुन्हाच आहे, पण मोठा आकडा गरिबीचा आहे: मजूर लावायला पैसे नाहीत म्हणून मूल शेतात. वर्षातून एक-दोनदा येणारा तपासनीस हे पूर्णपणे थांबवू शकत नाही, आणि म्हणून ‘फेअरट्रेड म्हणजे बालमजुरीमुक्त’ असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नये. भाव वाढला तर मूल शाळेत जाण्याची शक्यता वाढते, इतकेच प्रामाणिकपणे म्हणता येते. सन्मानाने जगण्यापुरते उत्पन्न देणारा भाव किमान किमतीहून बराच वर असतो, हे फेअरट्रेड स्वतः प्रसिद्ध करत असलेल्या संदर्भ भावांवरूनही दिसते.

दुसरी मर्यादा मजुरांची. लंडनच्या सोअ‍ॅस या संस्थेतील अभ्यासकांनी २०१४ मध्ये इथिओपिया आणि युगांडातील कॉफी, चहा व फुलांच्या भागांचा अहवाल प्रसिद्ध केला. फेअरट्रेड संस्था असलेल्या भागांत रोजंदारीवर राबणाऱ्यांची मजुरी तशाच इतर भागांपेक्षा जास्त नव्हती, अनेकदा कमीच होती, असे त्यात आढळले. फेअरट्रेडने त्या तुलनेच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. पण एफआरपी मिळाली म्हणून ऊसतोड मजुराचा दर आपोआप वाढतो का, हे ज्याने पाहिले आहे त्याला या निष्कर्षाचे आश्चर्य वाटणार नाही. पिकाला भाव मिळणे आणि मजुराला मजुरी मिळणे या दोन वेगळ्या लढाया आहेत.

तिसरी गोष्ट अलीकडची. २०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतला अवेळी पाऊस, झाडांचे रोग आणि म्हाताऱ्या झालेल्या बागा यांमुळे कोकोचा भाव टनाला १०,००० डॉलरच्या पुढे गेला. त्या काळात किमान किंमत निरर्थक झाली आणि प्रीमियमच तेवढा उरला. घाना आणि आयव्हरी कोस्टमध्ये शेतकऱ्याचा भाव सरकारी यंत्रणा हंगामाआधी ठरवते आणि माल आगाऊ विकलेला असतो, त्यामुळे त्या तेजीचा मोठा भाग शेतापर्यंत लगेच पोहोचला नाही. तेजीत फळीची आठवण होत नाही. भाव पडल्यावर ग्राहक जागेवर आहे का, तेव्हा कळते.

देशी बारचा पर्याय

कोको आता आपल्याही देशात पिकतो: आंध्र प्रदेश, केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूत, नारळ, सुपारी आणि पामतेलाच्या बागांत आंतरपीक म्हणून. कोकोचे भाव पडून खरेदीदार मागे हटले, तेव्हा मंगळूरची ‘कॅम्पको’ ही १९७३ मध्ये स्थापन झालेली सुपारी उत्पादकांची सहकारी संस्था खरेदीत उतरली आणि १९८६ मध्ये तिने पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना उभा केला. बारवर कोणतीही परदेशी खूण असो वा नसो, जिथे पीक घेणारे सभासद कारखान्याचे मालक आहेत तिथे घातलेला रुपया मला मोलाचा वाटतो. घानातही ‘कुआपा कोकू’ ही १९९३ मध्ये उभी राहिलेली शेतकऱ्यांची संस्था १९९८ पासून ‘डिव्हाइन’ या चॉकलेट कंपनीची भागधारक आहे. सहकाराच्या महाराष्ट्रात हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. मात्र चॉकलेटच्या एका घटकामागे सहकारी संस्था असली, तरी बाकीच्या घटकांबद्दल त्यावरून काही कळत नाही; अमूलचे दूध सहकारी संस्थांचे आहे, त्यातला कोको कुठला हा वेगळा प्रश्न आहे.

बीपासून बारपर्यंत सगळे स्वतः करणारे छोटे उत्पादकही आता दक्षिणेत आणि मुंबईत आहेत आणि त्यांचे बार पुण्यात कॅम्प, कोरेगाव पार्क, औंध इथल्या काही दुकानांत मिळतात. त्यांपैकी अनेक जण ‘थेट शेतकऱ्याकडून’ असे लिहितात. हे खरे असू शकते, पण त्याची तिऱ्हाईताकडून तपासणी झालेली असेलच असे नाही, म्हणून विचारावे. बागेचे आणि गावाचे नाव काय? ओल्या बियांना किलोला काय भाव दिला आणि त्या आठवड्यात बाजारभाव काय होता? आंबवणे आणि वाळवणे शेतकरी करतो की तुम्ही? गेल्या वर्षी ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याकडूनच यंदाही घेतले का? मी कॅम्पातल्या एका दुकानात असे विचारले, तेव्हा ‘माल चांगला आहे’ एवढेच उत्तर मिळाले. तोच प्रश्न उत्पादकाला ईमेलने विचारला, तर तिसऱ्या दिवशी भावासकट पूर्ण उत्तर आले. जो उत्पादक भाव सांगतो, त्याच्याकडे मी पुन्हा जाते.

नियमित आणि एकत्र

मागणी हीच अडचण आहे हे मान्य केले, की पद्धत आपोआप ठरते. घरासाठी महिन्याला एकच बार घ्या, पण बारा महिने घ्या. त्याहून मोठे काम संस्थांच्या खरेदीत आहे: हिंजवडी किंवा खराडीतल्या एका कचेरीचा दिवाळीचा डबा शेकडो घरांत जातो आणि तो कोणता हे दोन-तीन माणसे ठरवतात. त्या माणसांना गणपतीच्या आधीच भेटावे, कारण दिवाळी तोंडावर आली की ऑर्डर गेलेल्या असतात. त्यांच्यासमोर भाषण न करता दोन पर्यायांची किंमत, खुणेचा अर्थ आणि कोकोचे प्रमाण एका कागदावर मांडून द्यावे. खर्च वाढत असेल तर डब्यातले चार प्रकार कमी करून दोन ठेवावेत. सोसायटीच्या गणेशोत्सवात वाटायच्या मोदकांनाही हेच लागू आहे.

आणि ज्यांना हिशेब पाहून वाटेल की दोनशे रुपयांतले दोनच पोहोचत असतील तर साधा बार घेऊन उरलेले पैसे मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेला द्यावेत, त्यांचा विचार चुकीचा नाही. फक्त ते पैसे खरोखर त्याच महिन्यात द्यावेत. माझ्या बाबतीत ते राहून जायचे, म्हणून मी दोन्ही थोडे थोडे करते.

बारमधली साखर

दुधाच्या चॉकलेटमध्ये अनेकदा कोकोपेक्षा साखर जास्त असते आणि भारतात तयार झालेल्या बारमधली ती साखर महाराष्ट्रातली असण्याची शक्यता मोठी आहे. दिवाळीनंतर बीडकडून ट्रॅक्टर भरून माणसे दौंड, इंदापूर, बारामतीकडे येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरले जातात, फडाजवळ कोप्या पडतात आणि शाळेच्या वयाची मुले धाकट्यांना सांभाळत तिथेच हंगाम काढतात. घानातल्या मुलाच्या हातातला कोयता आपल्याला अस्वस्थ करत असेल, तर हा कोयता पुण्याहून दीड-दोन तासांवर आहे आणि त्यावर कोणतीही खूण नाही. म्हणून देशी उत्पादकाला कोकोचे चार प्रश्न विचारून झाले, की मी आता पाचवाही विचारते: साखर कोणत्या कारखान्याची आहे आणि त्या कारखान्याच्या तळावर तोडणी मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा चालते का?